ड्रॅगनच्या डोंगराची वाटणी

पनवेल स्टँडवर उरणच्या बससाठी उभ्या दाजींचे कान रांगेतल्या पुढच्या दोघांकडेच होते.

"मनस्वी, तुम्ही चौघं लेव्हल वीसला पोचलात आणि माझ्या गेमची वाट लागली. रविवारी एका फाशात ड्रॅगन आडवा केलात!"

"मग दोन आण, मितेश. गोष्ट रचून गेम तू चालवतोस ना?"

"दोन आणले की तुमच्यातला कल्पेश पहिल्याच फेरीत मरतो आणि रुसून कळंबोलीला निघून जातो."

"मग ड्रॅगन मेलेलाच ठेव. त्याचा डोंगर आम्हा चौघांत वाटायला लाव. तिथे कुठली जादू चालते बघू!"

"हॅ! एका रविवारात संपेल."

दाजींनी सातबाऱ्यांची पिशवी काखेत मारली आणि न राहवून ते पुढे वाकले.

"नाय संपनार, पोरा. आमचा ड्रॅगन आज्याच्या टायमाला मेला. आमी अजून खेलतोय."