मागच्या शॉकअपची सायकल

(कारेगाव, २००८. हर्षदाला शर्यती शिकवणाऱ्या महबूबचं सायकल दुकान. पुण्याहून दोन सायकली पारखायला आल्या आहेत, एकच ठेवायची आहे. माळावरच्या जुन्या खाणीपर्यंत दुसरी फेरी मारून हर्षदा नुकतीच परतली आहे.)

महबूब : आधी बस. पाणी पी. मंग सांग, कंची ठेवायची.

हर्षदा : ही. पुढं-मागं दोन्हीकडं शॉकअपची.

महबूब : घाई करू नगं. एक उद्या टेम्पोनं पुण्याला माघारी जानार. पुन्हा बदलून मिळायची न्हाई.

हर्षदा : घाई कसली, मामा? सकाळी त्या हलकीवर गेले, आत्ता हिच्यावर. तोच चढ, तीच उतरण. ही बसायला बरी आहे.

महबूब : बसायला खुर्चीबी बरी आसती. हिकडं ये, शिटावर दाब. बगितलंस? चढाला पायडल मारलं की मागनं खाली बसती. निम्मा जोर तर स्प्रिंगच खाती. आन् हलकीपरास दोन किलो जड. चढाला किती लागलं?

हर्षदा : सकाळी अकरा मिनिटं. आत्ता साडेतेरा.

महबूब : मंग? क्रॉसकंट्रीची शर्यत चढावर जिंकत्यात. दिवाळीनंतर राज्याची निवड हाय, तितं आडीच मिनिटं कुठनं आणशील?

हर्षदा : उतरणीला ही दगडावरनं गेली तरी हात भरून येत नाहीत.

महबूब : ते खरं. उतरनीला किती वाचली?

हर्षदा : वाचली नाहीत. दोन्हीवर तेवढीच लागली.

महबूब : आसं कसं व्हईल? हिच्यावर तर कुनीबी सुसाट येतंय. थांब, चाक बगू. ही ब्रेकची रबरं मी सकाळीच नवी बसवली हर्षदा, आन् रीम बग कशी काळी झाली. तू सबंद उतरन ब्रेक दाबून आलीस?

हर्षदा : व्हय.

महबूब : सकाळीबी?

हर्षदा : सकाळीबी. दौंडच्या शर्यतीत पडले, तेव्हापासनं रोजच.

महबूब : डाक्टर तर म्हनले, हाड चांगलं जुळलंय.

हर्षदा : हाड जुळलंय. पण एक सांगू का? त्या घळीत मी पडले, मागच्या दोघी कशाबशा बाजूनं निघून गेल्या, खांदा नुसता पेटला होता. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असंल? बरं झालं, आता उद्या पहाटे उठायला नको.

महबूब : झोपंपायी?

हर्षदा : तीन महिने खांदा बांधलेला होता. पाच वर्षांत तेवढीच माझी झोप झाली. पहाटे चारला माळावर, सातला कंपनी, दिवसभर भिंगाखाली बोल्ट तपासायचे, संध्याकाळी पुन्हा चढ. गेल्या शुक्रवारी लाइनवर उभ्या उभ्या डोळा लागला. सुपरवायझरनं सगळ्यांच्या देखत बाकावर नेऊन बसवलं. म्हणाले, घरी काही झालंय का?

महबूब : मला सांगायचंस की.

हर्षदा : कसं सांगणार? केंदूरला आमच्या घरी येऊन तुम्हीच आईला बोलला होता, ही महाराष्ट्राकडनं खेळंल. ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

महबूब : मंग सोड. दोन्ही माघारी धाडतो. सायकलच नगं.

हर्षदा : सायकल नको असं कुठं म्हणाले? शर्यत नको. मघाशी फेरी झाल्यावर मी खाणीच्या पलीकडं गेले होते. टेकाडामागनं मेंढरांची वाट जाते, आमचे आजोबा कळप घेऊन त्याच अंगानं यायचे म्हणतात. चढ आला तिथं उतरले, ढकलत नेली. उतरणीला तिथंबी ब्रेक दाबलेलेच होते. पण कुणाला उशीर होत नव्हता.

महबूब : म्हनून ही पायजे.

हर्षदा : म्हणून ही. जड आहे, ठाऊक आहे. मला कुठं लवकर पोचायचंय?

महबूब : मी रेस मारायचो तवा शिरूरच्या बाजारात हार घालायची मानसं. गुडघा गेला, दुसऱ्या वर्सी कुनी वळकंना. तू पयली आलीस की माजीबी मान वर व्हायची. तुला इचारायचं ऱ्हाऊनच गेलं.

हर्षदा : तुमच्यामुळंच शिकले, मामा. ते काही कमी नाही.

महबूब : आईला कोन सांगनार?

हर्षदा : मीच. आज संध्याकाळीच जाते.

महबूब : जा. पर मागचा शॉकअप मऊ हाय, तुज्या वजनाला आवळून देतो. न्हाईतर पाठ धरंल.

हर्षदा : रागावला का?

महबूब : न्हाई गं. मीबी दमलोय. आज कळलं.