बंद खिडकीमागची चूल

दयान नोखेम : हळू बोल, गेत्सल. आपल्या रब्बींवर शब्बाथ मोडल्याचा आळ घेतोयस तू!

गेत्सल : आळ कसला? गावचा न्यायनिवाडा तुम्ही करता, म्हणून तुमच्याकडे आलो. या डोळ्यांनी पाहिलंय. शनिवारी, शब्बाथला विस्तव पेटवायचा नसतो त्या दिवशी, भर दुपारी रब्बी यिखिएलनी स्वतः काडी ओढून चूल पेटवली. वर मी दिसताच धाडकन खिडकी लावली. कर नाही त्याला डर कशाला?

दयान नोखेम : तुझ्याबरोबर कोण होतं?

गेत्सल : कुणी नाही.

दयान नोखेम : मग खटलाच उभा राहत नाही. धर्मशास्त्राला दोन साक्षीदार लागतात. एकट्यानं येऊन असलं बोलणं म्हणजे नुसती बदनामी, उलट शिक्षा तुलाच व्हायची. आणि खरं सांग, प्रार्थनाघरात पूर्वेच्या भिंतीजवळची मानाची जागा तुला मिळाली नाही, त्याचा तर हा राग नाही?

गेत्सल : वाटलंच मला! शेवटी चोर मीच. मी पडलो खोगिरं शिवणारा. मी काडी ओढली असती, तर एव्हाना वाळीत टाकलं असतं.

दयान नोखेम : अरे बाबा, शुक्रवारी संध्याकाळी एक भिकारीण त्यांच्या घरी बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी थंडीनं काळीनिळी पडली. जीव जात असेल तर शब्बाथ मोडायचाच. ती सवलत नाही, आज्ञा आहे.

गेत्सल : बाळंतिणीसाठी चूल चालते?

दयान नोखेम : चालते. झालं समाधान?

गेत्सल : नाही. गिरणीवरच्या इवानला का नाही बोलावलं? तो परधर्माचा, त्याला कसला शब्बाथ?

दयान नोखेम : त्याला शोधेपर्यंत ती मरू द्यायची? उलट अशा वेळी आपल्यातल्या थोरामोठ्यांनीच हात घालावा, असं शास्त्र सांगतं. म्हणजे बघणारे पुढच्या वेळी कचरत नाहीत.

गेत्सल : बघणार कोण, दयानसाहेब? खिडकी तर लावली होती!

दयान नोखेम : ती... लोक उगाच बोलतात ना.

गेत्सल : गेल्या हिवाळ्यात माझी फ्रेदा दुसऱ्या दिवसाची बाळंतीण होती. शब्बाथला चूल विझली. काड्या फळीवर होत्या हो, हाताच्या अंतरावर! मी इवानला शोधत बर्फातून नदीपलीकडे गेलो. परत आलो, तर सगळं संपलं होतं.

दयान नोखेम : ठाऊक आहे रे.

गेत्सल : बायको गेली, पण गड्यानं शब्बाथ राखला, म्हणून गावानं पाठ थोपटली माझी. तुम्हीसुद्धा!

दयान नोखेम : तू आधी विचारायला यायला हवं होतंस.

रब्बी यिखिएल : (आतल्या खोलीतून येत) नाही, नोखेम. त्याला विचारायला यावं लागलं असतं, तरी ती माझीच नाचक्की होती. हे आधी शिकवायचं काम माझं.

गेत्सल : म्हणजे तुम्ही आत होतात? चोरून ऐकत होतात?

रब्बी यिखिएल : ऐकत होतो. लोकांच्या तोंडाला भिऊन खिडकी लावली, हेही खरं. निकाल दे, नोखेम.

दयान नोखेम : मी? तुमचा?

रब्बी यिखिएल : मग काय माझा मीच देऊ?

दयान नोखेम : चूल पेटवली, त्यात दोष नाही. लपवली, त्यात आहे. येत्या शब्बाथला सगळ्यांसमोर उभं राहून हे सांगायचं.

रब्बी यिखिएल : सांगेन. पण गेत्सल, तू काडी ओढली असतीस तर फ्रेदा वाचली असती, हेही मग गावाला कळेल. पाठ थोपटणारे तोंड फिरवतील तुझ्याकडून.

गेत्सल : फिरवू देत. सुताराच्या सुनेचे दिवस आता भरत आलेत, आणि तिचा नवरा माझ्यासारखाच देवभोळा आहे.