पुजलेले टायर

हसायचं तर हसा, पण त्या मंगळवारी मी दारात मसूर निवडत बसले होते आणि क्युरपिप ठाण्याचा पोलीस टोपी हातात घेऊन आला. ओल्या उतारावर गाडी घसरून उसात गेली, आमचे हे जागीच गेले, एवढं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मादाम, टायर तर नवेकोरे दिसतात. घसरली कशी, तेच कळत नाही."

मला कळत होतं. साखर कारखान्याचा साहेब विलायतेला परतला, तेव्हा त्याची स्पोर्ट्स कार ह्यांनी घेतली. त्याआधी बारा वर्षं ती साहेबाच्या शेडमध्ये उभी होती, म्हणून टायरची नक्षी शाबूत. रबर मात्र वाळून दगड झालेलं, नख रुतेना.

"टायर बदला," मी म्हटलं होतं.

"दसऱ्याला हळदकुंकू लावलंय त्यांना. चारी चाकांखाली लिंबं चिरडलीत. पुजलेले टायर काढायचे?"

मग मी लोणच्याच्या बरणीची रबरी रिंग त्यांच्यापुढे धरली. दिसायला नवी, पण वयाने कडक झालेली. झाकण धरत नव्हती. "हिला काच धरवत नाही, तुमच्या टायरना ओला रस्ता काय धरवणार?"

"वा, मास्तरीणबाई! माझी विलायती गाडी आणि तुमचं लोणचं एका तराजूत? आधी तुमची रिंग बदला, मग मी टायर बदलतो."

"उद्याच बदलते," मी म्हटलं.

लिंबं मात्र व्यवस्थित चिरडली होती. पूजेत काही कसूर नव्हती.

बरणीची रिंग मी अजून बदललेली नाही.