नऊ खांब, दोन थोरले

लेक : अकरा वाजून दहा मिनिटांनी यादी लावली, आणि माझा नंबर त्यात नाही. एवढंच झालंय, बाबा. आरडाओरडा करू नका.

बाप : नीट बघितलंस ना?

लेक : चार वेळा. लेखी पन्नासपैकी चोवीस. पास व्हायला पंचवीस लागतात.

बाप : आणि हातकामाचे?

लेक : पन्नासपैकी अठ्ठेचाळीस.

बाप : दोन कुठे घालवलेस?

लेक : बाबा!

बाप : बरं, राहिलं. चल घरी. बारा वर्षं माझ्याबरोबर कुंपणं घालतेयस, ती काय ह्या कागदाला विचारून?

लेक : आता कागदालाच विचारायचंय. शाळेच्या मैदानाचं काम सोमवारी सुरू. कुंपणकामाचं प्रमाणपत्र असलेलं माणूस हजर नसेल तर पहिला खड्डासुद्धा घेऊ देणार नाहीत. तुम्ही तर परीक्षेला बसणार नाही.

बाप : मला कागद दिसला की खोकला येतो.

लेक : म्हणून मी बसले. शू! परीक्षक बाई आल्या. मला बोलू द्या.

परीक्षक : उत्तरपत्रिका बघायचीय, त्या तुम्हीच ना? ही घ्या. इथेच बाकावर बसून बघा. बाहेर न्यायची नाही.

लेक : प्रश्न सातवा, बाई. तीस मीटर सरळ कुंपण, दर तीन मीटरला खांब, एकूण खांब किती. ह्याला तुम्ही शून्य दिलंय.

परीक्षक : कारण उत्तर अकरा आहे. गाळे दहा, खांब अकरा. पहिला खांब विसरून दहा लिहिणारे दर वर्षी ढिगाने असतात. नऊ लिहिणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतेय.

बाप : नऊच बरोबर आहे.

परीक्षक : हे कोण?

लेक : माझे वडील. काम ह्यांच्याकडेच शिकले.

परीक्षक : अच्छा, म्हणजे नऊ इथून आले.

बाप : बाई, दोन टोकांना दोन थोरले असतात. ते धरून कोणी खांब मोजतं का?

परीक्षक : थोरले म्हणजे?

लेक : टोकाचे खांब. आमच्याकडे त्यांना...

बाप : त्यांना खांब म्हणायचंच नाही! सगळ्या तारेचा ताण थोरला अंगावर घेतो. त्याचा खड्डा खोल, त्याला तिरका टेकू, त्याला जास्तीचं काँक्रीट. मधले काय, तार धरून नुसते उभे. फोटोत उभे असल्यासारखे.

परीक्षक : प्रश्नपत्रिकेत थोरले नाहीत, काका. खांब आहेत. आणि 'एकूण' लिहिलंय.

बाप : प्रश्न काढणाऱ्याने कधी पहार हातात धरलीय का, ते विचारा.

परीक्षक : प्रश्न मी काढलाय. सोळा वर्षं पहार धरली, मग इथे आले.

लेक : बाबा, तुम्ही जरा खिडकीपाशी उभे राहा. बाई, मागचं पान उलटा. कच्चं काम तिथे आहे.

परीक्षक : ही आकृती?

लेक : दोन चौकोन, मध्ये नऊ गोल. प्रत्येक दोघांमध्ये तीन मीटर लिहिलंय. मोजा.

(परीक्षक बाई पेनच्या टोकाने मोजतात.)

परीक्षक : अकरा.

लेक : अकरा.

परीक्षक : पण उत्तराच्या जागी नऊ. उद्या सामानाच्या यादीत तुम्ही 'खांब नऊ' लिहिलंत, तर दुकानदार नऊच पाठवेल. माणसं खड्डे घेऊन बसतील, आणि टोकं रिकामी.

बाप : आमच्या दुकानदाराला कळतं!

लेक : तुमच्या दुकानदाराला कळतं, बाबा. शाळेचं सामान दुसरीकडून येणार आहे. बाई बोलतायत ते खरं आहे.

बाप : तू कोणाच्या बाजूची?

लेक : सोमवारच्या. बाई, दया म्हणून मार्क नकोत. आकृती आहे ती उत्तरात धरता येते का, एवढं सांगा.

परीक्षक : मला एकटीला एक मार्कही बदलता येत नाही. फेरतपासणीचा अर्ज द्या. प्रश्न दोन मार्कांचा आहे. तिघांची समिती आजच बसतेय. त्यात मी एक.

लेक : तुमचं मत?

परीक्षक : ते आत सांगेन. अर्जावर कारण नीट लिहा. पाल्हाळ नको.

बाप : लिही, परीक्षकांची चूक.

परीक्षक : ऐकू येतंय मला.

लेक : लिहिलं. घ्या.

परीक्षक : 'शब्द माझा चुकला, मोजणी नाही. आकृती मागच्या पानावर आहे.' बस्स?

लेक : बस्स.

परीक्षक : थांबा इथेच. दार वाजवू नका.

बाप : गेली. ...पोरी, त्या शब्दाने तुझं वाटोळं झालं म्हणायचं.

लेक : शब्द चांगला आहे. कागदावर चालत नाही, इतकंच.

बाप : आणि नाही म्हणाले तर?

लेक : पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. नाव मघाशीच नोंदवून आले.

बाप : यादी बघितल्या बघितल्या?

लेक : तुम्हाला सांगायच्या आधी. दोन नावं नोंदवली.

बाप : दुसरं कोणाचं?

लेक : खोकू नका.

बाप : मी नाही बसणार.

लेक : ते नंतर बघू. जरा गप्प राहा, आतलं ऐकू येत नाही.

बाप : काय ऐकू येतंय?

लेक : खुर्च्या ओढल्या. तिघंही बसले.