महापौरबाईंना पत्ता कुठला द्यायचा

रूलोफ : आणि मी सांगतो वीबेदादा, ती नवी महापौरबाई फुलं बघायला आलीच नव्हती. नोव्हेंबरात कुठली आलीत फुलं? सायकल हातात धरून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि प्रत्येक फाटकावरचा नंबर वाचत होती. ओठ हलत होते तिचे.

वीबे : तुझ्याशी बोलली?

रूलोफ : बोलली ना. म्हणे, "इथे हिवाळ्यात गारठा फार असेल, नाही?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी नुसता पाण्याचा नळ बंद करायला आलोय. पायात सपाता होत्या माझ्या.

आल्त्ये : सपाता घालून नळ बंद करायला. धन्य आहे, भावजी. कॉफी घ्या. बिस्कीट एकच हं, दुसरं यांचं आहे.

वीबे : हाउट्समा सोळा वर्षं महापौर होते, पण त्यांनी असं कधी विचारलं नाही. ऐन जानेवारीत इथून जायचे, धुराड्यांतून धूर दिसायचा, तर टोपीला हात लावून म्हणायचे, "यंदा वसंत लवकर आला वाटतं."

रूलोफ : माणूस होता तो.

आल्त्ये : माणूस होता, पण त्या माणसाने कागदावर एक ओळ लिहून दिली नाही. ऑक्टोबर संपला की बागेतली ही उन्हाळ्यापुरती घरं रिकामी करायची, हा नियम होता तसाच आहे. ते निवृत्त होऊन मजेत मासे पकडतायत आणि इथे आपण पडदे लावून कॉफी पितोय.

वीबे : त्यांनी शब्द दिला होता, आल्त्ये.

आल्त्ये : शब्द त्यांचा होता, त्यांच्याबरोबर गेला.

रूलोफ : बरं, हिला आणली कोणी? आपल्याला कोणी विचारलं? वरून नेमणूक होते आणि आपण टाळ्या वाजवायच्या. आधीच्या गावात म्हणे तिने नदीकाठच्या सगळ्या राहत्या होड्या हलवल्या. महिन्याभरात.

आल्त्ये : हे कुठे कळलं?

रूलोफ : बेकरीत.

आल्त्ये : त्याच बेकरीत ती बाई मांसाला शिवत नाही असंही कळलं होतं. शनिवारी बाजारात उभी राहून हेरिंग मासे खात होती. शेपटीला धरून, चांगले दोन.

वीबे : हेरिंगचं राहू दे. ते पत्र वाच पुन्हा.

आल्त्ये : चौथ्यांदा? बरं. "आपल्या विवाहाला साठ वर्षं पूर्ण होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. प्रथेप्रमाणे महापौर स्वतः मंगळवारी साडेदहा वाजता आपल्या घरी येऊन शुभेच्छा देतील. पत्ता निश्चित करण्यासाठी आमच्या कार्यालयातून आपल्याला फोन येईल."

वीबे : ऐकलंस? कागदोपत्री आपण लेकीकडे, लीस्बेतकडे राहतो. पत्रही बरोबर तिच्याच फ्लॅटवर आलं. मग पत्ता विचारायचा कशाला?

रूलोफ : तोच तर सापळा आहे.

आल्त्ये : काही लोक हॉल घेतात, काही मुलांकडे करतात. म्हणून विचारत असतील बिचारे.

वीबे : काहीही असो. मी ठरवलंय. सोमवारी लग्नाचा फोटो आणि भिंतीवरचं घड्याळ लीस्बेतकडे नेऊन लावायचं. मंगळवारी तिथेच बसायचं. ती आली, फुलं दिली, केक खाल्ला, गेली. एक तासाचा प्रश्न.

आल्त्ये : अहो, लेकीच्या घरात चमचे कुठल्या खणात असतात तेसुद्धा मला ठाऊक नाही. ती बाई म्हणाली, चमचा द्या, तर मी काय घरभर हिंडू?

वीबे : चमचे मी बाहेर काढून ठेवीन.

आल्त्ये : आणि शेजारी? जिन्यात कोणी विचारलं, ही म्हातारी कोण, म्हणजे?

वीबे : तुला थट्टा सुचतेय. मला भीती वाटते. ही भिंत मी घातली, तो ओटा मी केला, एकोणीस वर्षं झाली. चौऱ्याऐंशीव्या वर्षी मला लेकीच्या मागच्या खोलीत कपाटाशेजारी झोपायचं नाही. एकदा का तिला कळलं की आपण बाराही महिने इथेच असतो, की संपलं सगळं.

रूलोफ : सगळ्यांचंच संपलं, दादा. नुसतं तुमचं नाही.

(फोन वाजतो.)

वीबे : लीस्बेतचा पत्ता सांग. बाकी काही बोलू नकोस.

आल्त्ये : हॅलो... हो, मीच... धन्यवाद हो... मंगळवार चालेल की... पत्ता ना? नाही, ती आमची मुलगी. तिथे नुसती पत्रं येतात. आम्ही राहतो कालव्यापलीकडे, बागांच्या वसाहतीत. चौतीस नंबर... हो, हिवाळ्यातसुद्धा... एकोणीस वर्षं झाली... घ्या ना लिहून... हो, चौतीस... बरं. ठेवते.

रूलोफ : वहिनी, काय करून बसलात हे?

आल्त्ये : खरं ते सांगितलं.

रूलोफ : चौतीसला कोणी राहतं हे कळलं, की पस्तीसला कोण आहे ते बघायला असा किती वेळ लागतो? पस्तीस माझा आहे.

आल्त्ये : तुमचं नाव नाही काढलं मी. पण तुम्हाला त्रास होणार, हे कळतंय. त्याचं मला वाईट वाटतं, भावजी. मनापासून वाटतं.

रूलोफ : तुमचं वाईट वाटणं घेऊन मी कुठे राहायला जाऊ? निघतो मी.

वीबे : कॉफी तरी संपव.

रूलोफ : नको.

वीबे : गेला बघ. फाटकसुद्धा लावलं नाही त्याने. कधी असा जात नाही तो.

आल्त्ये : येईल. नाही आला तर मी जाईन.

वीबे : फोनवरच्या बाईने लिहून घेतलं?

आल्त्ये : दोनदा विचारून.

वीबे : मग काय म्हणाली?

आल्त्ये : म्हणाली, महापौरांना तसं कळवते.

वीबे : तसं म्हणजे कसं?

आल्त्ये : ते मला तरी काय ठाऊक?

वीबे : मला एकदा विचारायचंस तरी.

आल्त्ये : विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात. साठ वर्षांत मी तुमच्याशी भांडले, अबोला धरला, एकदा तर बॅग भरून बहिणीकडे जाऊन राहिले. पण आपल्या दोघांबद्दल बाहेर कोणाला खोटं सांगितलं नाही. आता लेकीच्या सोफ्यावर बसून "हा आमचा संसार" म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. भीती मलाही वाटते. हा हात बघा.

वीबे : दे इकडे. गार पडलाय.

आल्त्ये : राहू दे तसाच धरून.

वीबे : आणि मंगळवारी ती फुलांऐवजी नोटीस घेऊन आली तर?

आल्त्ये : तर लग्नाचा एकसष्टावा वाढदिवस लीस्बेतकडे करू. साठावा आपल्या घरी.