रविवारचा मिस्त्री

हसू नको गं, तुझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बाथरूम करायचं काढलं की कळंल तुला. आमच्या ह्यांनी दिवाळीत जुनी फरशी फोडली, तेव्हापासून आम्ही टॉवेल घेऊन शेजारी आंघोळीला जातोय. रविवार आला की हे लोळत पडतात. म्हणे, घरात कामाचा मूडच येत नाय.

मग ह्यांनी शक्कल लढवली. रविवारी सकाळी वाळूजच्या कंपनीचा युनिफॉर्म चढवला, डबा घेतला, गाडीवर चौकापर्यंत गेले, तिथून वळून आले आणि आपल्याच दाराची बेल वाजवली.

"वहिनी, फरशीच्या कामाला आलोय."

दिवसभर नुसती ठोकाठोक. पाच वाजले तशी हातातली फरशी खाली ठेवून निघून गेले. चौकातून परत आले ते नवरा होऊन.

मी म्हटलं, "तुमच्या मिस्त्रीनं दिवसभरात एक फरशी बसवली, तीबी वाकडी."

हे भडकलेच. "लई कामचोर हाय! काढून टाक त्याला."

पुढच्या रविवारी पुन्हा बेल वाजली. मी दारातच सांगितलं, "सायबांनी तुम्हाला कामावरून काढलंय."

डबा छातीशी धरून हे म्हणाले, "असं नका करू, वहिनी. घरी बायकोला काय सांगू?"