बटच्या म्होरं काय?

पौडच्या थांब्यावर एस.टी.च्या रांगेत माझ्या पुढं दोघं उभे होते.

"गेणबा, सकाळच्या पारी कुटं?"

"पिरंगुटाला, जैनूभाई. मागल्या रविवारी तिथले पाव्हणे आमची पोरगी बघून गेले. नवरा मुलगा पुण्यात कारकून हाय. म्हनला, 'पोरगी पसंत हाय, बट...' आन् तेवढ्यात पोहे आले."

"मंग?"

"मंग खाल्ले की, दोन बश्या! बटच्या म्होरं बोललाच न्हाई."

"बट म्हंजी पण. पलटणीत आमचा सायेब 'गुड, बट' म्हनला, की रजा गेलीच समजायची."

"तेच तर! आठ दिस झाले, घरात कुनाला झोप न्हाई. मी म्हनतो सायकल मागनार, थोरला म्हनतो घड्याळ. बायको म्हनती, पोह्यात मीठ कमी पडलं."

"म्हंजी आता इचारायला चाललाय."

"न्हाई, निरोप घेऊन चाललोय. पोरीनंच धाडलंय."

"काय म्हनती?"

"म्हनली, त्यास्नी सांगा, मुलगा पसंत हाय, बट."

"आन् म्होरं?"

"म्होरं काय न्हाई. पोहे येस्तवर बसायचं, दोन बश्या खायच्या आन् उठून यायचं."